अर्धा स्वर खाली

आमच्या घरी कुकरची शिट्टी झाली की पप्पा आतल्या खोलीतून सांगायचे, "आज एफच्या जरा वर गेलीय." एसटीचा हॉर्न, शाळेची घंटा, शेजारच्या बोअरची मोटर, काहीही वाजलं की त्यांना त्याचा स्वर कळायचा. आपल्याला रंग दिसतो तितक्या सहज. पेटीवर बोट ठेवून ताडून बघायची त्यांना गरजच नसे. शिरूरच्या मिशनच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं आणि दर रविवारी चर्चमध्ये पायपेटी, म्हणजे पायानं भाता मारायची पेटी, वाजवली. तशीच एक जुनी घरीही होती. व्हायोलिन ते तरुणपणी एका वृद्ध पाळकांकडून शिकले होते, आणि मला त्यांनी शिकवलं.

मी शाळेत असताना आम्ही दोघं एक कॉन्चेर्तो वाजवायचो. तीनशे वर्षांपूर्वीचा, डी मायनर या स्वरपट्टीतला, दोन व्हायोलिनांचा. कॉन्चेर्तो म्हणजे एक-दोन वाद्यं पुढं होऊन बोलतात आणि मागचा ताफा त्यांना उत्तर देतो. पहिलं व्हायोलिन मी, दुसरं पप्पा. ताफा आमच्याकडं नव्हता. ताफ्याची जागा आली की पप्पा तोंडानं तो भाग म्हणायचे, गज हवेत तसाच धरून, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, दूध उतू जातंय, तुमचं काय चाललंय!" पुढं पप्पांची बोटं संधिवातानं आखडली आणि त्यांनी व्हायोलिन ठेवून दिलं. पायपेटी तेवढी चालू राहिली. आई गेल्यानंतर घरात आम्ही दोघंच उरलो.

मी रांजणगावला एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. गाड्यांचे सुटे भाग तपासायचं काम. मायक्रोमीटर, गेज, रिपोर्ट. शिफ्ट आठवड्याला बदलते, तशी माझ्या रियाजाची वेळही बदलते. व्हायोलिन सुटलं मात्र नाही. काही वर्षांपूर्वी पुण्यात एक छोटा वाद्यवृंद सुरू झाला तेव्हा मी तिकडं जाऊन वाजवून दाखवलं आणि त्यांनी मला घेतलं. सुट्टीच्या रविवारी सरावाला जायचं, संध्याकाळी परत.

हा वाद्यवृंद जरा वेगळा होता. आमचे सर युरोपात शिकून आलेले. त्यांचं म्हणणं असं, की सतराव्या-अठराव्या शतकातलं ते संगीत, ज्याला बरोक म्हणतात, ते त्याच काळच्या वाद्यांवर वाजवलं पाहिजे. म्हणजे व्हायोलिनला स्टीलच्या तारा नाहीत, तात. तात म्हणजे मेंढीच्या आतड्याची वळलेली दोरी. व्हायोलिनवरची हनुवटी टेकायची पट्टी काढून टाकायची, खांद्याखालची गादी काढायची. गजही वेगळा, हलका, धनुष्यासारखा बाहेर वाकलेला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सूर आजच्यापेक्षा अर्धा स्वर खाली लावायचा, कारण त्या काळी पुष्कळ ठिकाणी तो तसा असायचा.

पहिले काही महिने मला वाटत होतं की मी व्हायोलिन विसरले. तातीवर गज दाबला की ती कुरकुरते, हलका सोडला की घसरते. तिला बोलतं करायला प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला थोडं थांबावं लागतं, जसं आपण एखाद्या अबोल माणसाला प्रश्न विचारून थांबतो. आणि हवा बदलली की ती उतरते किंवा चढते. कंपनीत मी दिवसभर मापात बसणाऱ्या गोष्टी हाताळते. घरी येऊन तातीची ही लहर सांभाळताना आधी वैताग यायचा, मग हळूहळू गोडी लागली. तातीचा आवाज मोठा नाही. पण त्याला माणसाच्या घशासारखा एक खरखरीत काठ आहे, तो स्टीलला नाही.

पप्पांना हे काहीच पटलं नाही. मी घरी सराव सुरू केला की ते अंगणात जाऊन बसत. एकदा दारात येऊन म्हणाले, "बाळ, डी वाजवतेस आणि ऐकू येतोय सी शार्प. असं किती दिवस चालणार?"

"पप्पा, त्या काळी हाच डी होता."

"असेल. मी त्या काळचा नाही."

यावर आम्ही दोघं हसलो, पण ते गमतीत म्हणत नव्हते. ज्याला स्वर रंगासारखा दिसतो, त्याला हिरवी पानं निळी दाखवली तर तो किती वेळ बघत बसेल? हे मला कळत होतं. तरी वाईट वाटायचं. ज्यांनी शिकवलं तेच ऐकत नव्हते.

मग सरांनी ठरवलं, की नेहमी पुण्यातच कशाला, जरा बाहेरही वाजवू. मी दौंड आणि शिरूर सुचवलं. दोन्हीकडं जुनी दगडी चर्च आहेत, उंच छताची, तातीचा बारीक आवाजही घुमवतील अशी. दोन्हीकडच्या पाळकांनी आनंदानं होकार दिला. शनिवारी संध्याकाळी दौंड, रविवारी संध्याकाळी शिरूर. कार्यक्रमात शेवटी तोच डी मायनरचा कॉन्चेर्तो. पहिलं व्हायोलिन मला दिलं. दुसरं पुण्यातल्या एका दातांच्या डॉक्टर बाईंना, ज्या माझ्यासारख्याच लहानपणापासून वाजवत आल्या होत्या.

पप्पा म्हणाले, "दौंडला येतो मी." मी म्हटलं, शिरूरला तर आहेच की, दोनदा कशाला त्रास? तर म्हणाले, "आपला कॉन्चेर्तो आहे." मला फार बरं वाटलं.

दौंडला फेब्रुवारीच्या शेवटाचं ऊन होतं. कोरडं, चटका देणारं. चर्चमध्ये पंखे लावले तर तात उतरत होती, बंद केले तर हाताला घाम. सर हार्पसिकॉर्डशी झटत होते. हे वाद्य दिसायला लहानशा पियानोसारखं, पण त्यात तारांवर हातोडी पडत नाही. पट्टी दाबली की आतली एक लाकडी कांडी वर उठते आणि तिच्या टोकाची पिसाच्या दांडीसारखी नखी तार छेडते. आवाज सतारीच्या जवळचा. सरांनी परदेशातून त्याचे सुटे भाग मागवून ते स्वतः जोडलं होतं, कित्येक वर्षं घालवून. बरोक ताफ्यात सगळ्यांना बांधून ठेवायचं काम हे वाद्य करतं. ते नसलं की बाकीचे सुटे सुटे वाटतात.

लोक बरे जमले होते. रेल्वेतली निवृत्त मंडळी, चर्चची मंडळी, कॉलेजची काही मुलं. पप्पा तिसऱ्या बाकावर कडेला बसले होते. आमच्या कॉन्चेर्तोची सुरुवात दुसऱ्या व्हायोलिननं होते. डॉक्टर बाईंनी उचललं, मग मी आत शिरले, आणि पान उलटायच्या आतच माझी वरची तात फाटकन तुटली. गालाला फटका बसला. आम्ही थांबलो. सरांनी लोकांना हसून सांगितलं की हे मेंढीच्या आतड्याचं आहे, ते कधीकधी रुसतं. मी नवी तात चढवली. ती लगेच सुरात राहत नाही, सारखी उतरते. पुन्हा सुरुवात केली. नजर वर गेली तेव्हा तिसऱ्या बाकाची कड रिकामी होती.

कसंबसं नव्हे, पण जपून जपून वाजवलं. टाळ्या झाल्या. बाहेर आले तर पप्पा फाटकाजवळच्या बाकावर बसलेले. स्टेशनाकडून गाडीचा भोंगा आला.

"तात तुटली म्हणून उठलात का?" मी विचारलं.

"नाही गं. तात कुणाचीही तुटते." त्यांनी काठी बाकाला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "तुझी बोटं मला दिसत होती. ती बोटं मीच बसवलीत. डोळ्यांना आपला कॉन्चेर्तो दिसतोय आणि कानाला दुसराच कुठला तरी ऐकू येतोय. चक्कर आल्यासारखं झालं. तू चांगलं वाजवत होतीस, एवढं कळलं."

"उद्या शिरूरला नका येऊ मग," मी म्हणाले. मला रागावून म्हणायचं नव्हतं, पण तसं झालं असावं. ते "बघू" म्हणाले. न्हावऱ्यावरून घरी येईपर्यंत गाडीत आम्ही दुसऱ्याच गोष्टी बोललो. कांद्याचं पीक, पाळकसाहेबांच्या मुलीचं लग्न.

रविवारी सकाळची उपासना आटोपली आणि टेंपो चर्चच्या आवारात आला. सर पुढच्या सीटवर होते. दौंडहून येताना एका गतिरोधकावर टेंपो जोरात आदळला, म्हणाले, चालकाला तो दिसलाच नाही, वर पांढरे पट्टेच नव्हते. आम्ही मागचं दार उघडलं, गाद्या बाजूला केल्या. हार्पसिकॉर्ड वरून धड दिसत होतं. सरांनी झाकण उचललं. खुंट्या ज्या लाकडात बसवलेल्या असतात त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग गेली होती. उन्हानं लाकूड आधीच तडकायला आलं असावं, आदळण्यानं काम पुरं केलं. तारा सैल पडल्या होत्या. सरांनी एक पट्टी दाबली. आतून नुसता लाकडाचा 'टक' असा आवाज आला.

सर चर्चच्या पायरीवर बसले. रागावले नाहीत, चालकालाही काही बोलले नाहीत. आमच्या मंडळीतल्या मावश्यांनी त्यांना चहा आणून दिला, तो हातात धरून ते तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "आज कॉन्चेर्तो नको. हार्पसिकॉर्डशिवाय हे संगीत म्हणजे कणा नसलेलं शरीर. तुम्ही दोघी दोन-तीन छोटे तुकडे वाजवा, लोकांची क्षमा मागू."

डॉक्टर बाई म्हणाल्या, "चर्चची पायपेटी आहे ना?"

मीही तोच विचार केला होता. पण पायपेटी आजच्या सुरातली. आमच्या वाद्यांपेक्षा अर्धा स्वर वर. तात तिच्यापर्यंत चढवायची म्हटलं तर दौंडची गत. नाही तर सरांनी सगळं अर्धा स्वर खाली उतरवून वाजवायचं. तसं ते करूही शकले असते, पण इतक्या ऐनवेळी, संपूर्ण कार्यक्रमभर, अनोळखी वाद्यावर, पाय मारत, शिवाय बाकीच्यांना खुणा करत? त्यांनी नकारार्थी मान हलवली.

तेव्हा मला आमच्या बसचे मामा आठवले.

आमच्या कंपनीची बस मांडवगण फराट्याहून निघते, न्हावऱ्यावरून शिरूरला येते आणि मग रांजणगावला जाते. चालवणारे मामा मांडवगणचेच. गावच्या भजनी मंडळात ते पेटी वाजवतात. मी व्हायोलिन वाजवते हे कळल्यापासून त्यांनी मला ड्रायव्हरच्या मागची जागा देऊन टाकली होती आणि रोज आरशातून माझ्याशी पेटीवर बोलायचे. त्यांची पेटी स्केल चेंजर होती. म्हणजे अख्खी पट्टी डावीउजवीकडं सरकते, बोटं तीच ठेवायची आणि सूर वरखाली होतो. "आमचं बुवा काळी दोनमधी गात्यात, त्यांचा भाचा गायला बसला का पांढरी पाच," ते सांगायचे. "मी कशाला बोटं बदलू? पट्टी सरकावली का झालं."

मी फोन लावला. पलीकडं बैलांच्या गळ्यातले घुंगरू वाजत होते, मामा शेतात होते. मी सगळं सांगितलं.

"म्हंजी तुम्हाला एक घर खाली पायजे," मामा म्हणाले.

"हो, बरोबर एक घर."

"जमंल की. पन ताई, एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या पेटीचा भाता मी दुसऱ्या कुणाच्या हाती देत न्हाई. मागल्या साली एका पावन्यानं हिसका मारला आन् कापड फाटलं. भाता मीच मारनार."

"आणि वाजवणार सर."

"वाजवू द्या की. पट्ट्यांला काय व्हत न्हाई."

मी सरांकडं आले. हार्मोनियम म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी समजू शकत होते. हे वाद्यच मुळी बरोक काळानंतरचं. ज्या माणसानं गज किती वाकलेला असावा यावर दोन-दोन तास बोलावं, त्याला मी भजनाची पेटी सुचवत होते. "इतिहासाच्या दृष्टीनं हे पूर्ण चूक आहे," ते म्हणाले. त्यांनी टेंपोकडं बघितलं, मग चर्चच्या दाराकडं, जिथं तरुण मंडळाची मुलं खुर्च्या आणून लावत होती. "त्या काळी जे हाताशी असेल त्यावर वाजवत होते, हेही खरंच आहे," ते म्हणाले. "बोलवा त्यांना."

मामा पुतण्याच्या जीपमधून आले. पेटी गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलेली. स्वच्छ पांढरा नेहरू शर्ट, डोक्याला टोपी. चपला बाहेर काढून चर्चमध्ये आले, वेदीकडं बघून हात जोडले आणि विचारलं, "कुठं बसायचं?" वेदीखालच्या चौथऱ्यावर आम्ही सतरंजी टाकली. सरांना मांडी घालून बसायची सवय नव्हती, गुडघे वर येत होते. शेवटी एका मावशीनं सोफ्याची उशी दिली, ती खाली घेतल्यावर जमलं. पेटीच्या अलीकडं सर, पलीकडं मामा, समोरासमोर. मामांनी बाजूची खुंटी ओढली, पट्टी एक घर डावीकडं सरकवली आणि भाता उघडला. सरांनी दोन्ही हातांनी डी मायनरचा तीन स्वरांचा मेळ धरला. मी तात छेडली. दोन्ही एक झाले. डॉक्टर बाईंनी माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या.

सराव सुरू झाला तसा दुसराच प्रश्न आला. मामा भजनात बसतात तसे भाता मारत होते, समेवर जोर, मग सैल. आमचा प्रत्येक ठोका दचकल्यासारखा येत होता.

"मामा, जरा हळू," सर म्हणाले.

"हळू म्हंजी किती?"

सरांना सांगता येईना. ते 'सलग', 'समान दाब' असं काहीबाही म्हणाले. मामांनी ऐकून घेतलं, पण पुढच्या खेपेलाही तेच. तेव्हा मी म्हटलं, "मामा, माझ्या गजाकडं बघा. तो चाललाय तसा भाता चालू द्या. गज थांबला की थांबा." ते माझ्याकडं तोंड करून थोडे वळले. मधला संथ भाग आम्ही घेतला, ज्यात दोन्ही व्हायोलिनं एकमेकांच्या मागून लांब लांब श्वासाच्या ओळी म्हणत जातात. मामांचा हात माझ्या गजाबरोबर यायला-जायला लागला. पहिल्यांदा थोडा मागं, मग बरोबरीनं. खालचा सूर अखंड झाला. हार्पसिकॉर्डची तार छेडली की लगेच विरते. इथं सूर धरून राहत होता, माझ्या पायाखाली जमीन असल्यासारखा. सर वाजवता वाजवता पुटपुटले, "छोट्या ऑर्गनसारखं वाटतंय," आणि पुढं त्यांनी इतिहासाचं नाव काढलं नाही.

संथ भाग संपला तेव्हा मला दिसलं, पप्पा मागच्या दारात उभे होते. कधी आले माहीत नाही. काठी टेकत ते पुढं आले. मी काही बोलायच्या आत ते मामांपाशी जाऊन चौथऱ्याच्या कडेला बसले.

"ही पट्टी सरकते?" त्यांनी विचारलं.

"व्हय आबा. हे बघा." मामांनी खुंटी ओढून पट्टी मूळ जागी आणली, मग पुन्हा एक घर खाली. पप्पांनी हात पुढं केला आणि मामांच्या चेहऱ्याकडं बघितलं. "वाजवा की," मामा म्हणाले आणि भाता उघडला.

पप्पांनी उपासनेतलं एक जुनं गीत वाजवलं, नेहमीच्या बोटांनी. स्वर अर्धा खाली आले. ते थबकले. मामांना म्हणाले, "वर घ्या." पुन्हा तेच. "आता दोन घरं खाली." पुन्हा. असं तीन-चारदा झालं. आमचा सराव थांबला होता आणि कुणालाच घाई नव्हती. पप्पांची आखडलेली बोटं त्याच त्याच जागी पडत होती आणि गीत जिन्यावरून उतरावं तसं खाली येत होतं.

मग ते हसायला लागले. मला म्हणाले, "मावशी लोकांना उंच गाता येत नाही म्हणून हे गीत मी किती वेळा खाली उतरवून वाजवलंय! थंडीत घसे बसलेले असले की पूर्ण एक स्वर. तेव्हा कानाला काही झालं नाही. का? तर बोटं मी बदलत होतो ना, म्हणून डोळा आणि कान एकाच ठिकाणी असायचे." मग म्हणाले, "मंडळीसाठी मी आयुष्यभर खाली उतरलो आणि तुझ्यासाठी अडून बसलो."

मी म्हटलं, "असं काही नाही, पप्पा." आणि व्हायोलिन पुन्हा खांद्यावर घेतलं.

संध्याकाळी चर्च भरलं. आमची मंडळी होती, रांजणगावची माझ्या विभागातली माणसं होती, आणि जीप परत जाऊन मांडवगणच्या भजनी मंडळातले पाच-सहा जण घेऊन आली होती, ते टोप्या घालून डावीकडच्या बाकांवर ओळीनं बसले होते. उन्हं पश्चिमेच्या खिडकीतून तिरपी येत होती. हवा दौंडपेक्षा मऊ होती, घोडनदी जवळ असल्यामुळं म्हणा. तात शांत राहिली.

कॉन्चेर्तोच्या आधी सरांनी लोकांना हार्पसिकॉर्डचं काय झालं ते सांगितलं आणि मामांची ओळख करून दिली. भजनी मंडळानं टाळ्या वाजवल्या, मामा लाजले. मग डॉक्टर बाईंनी सुरुवात केली. पहिला भाग वेगाचा, तो आम्ही जरा सावकाशच घेतला, मामांना सोबत ठेवायला. एका ठिकाणी त्यांचा हात सवयीनं समेवर पडलाच, आणि गंमत म्हणजे तिथं तो शोभला. सरांनी मान डोलावली. संथ भागात मी पप्पांकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते. आधी वाटलं झोपले. मग त्यांची मांडीवरची डाव्या हाताची बोटं हलताना दिसली, दुसऱ्या व्हायोलिनची बोटं, एकेक स्वर बरोबर त्याच्या जागी. डोळ्यांनी मला बघायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. तसं केलं की कानाला भांडायला कुणी उरत नव्हतं. नंतर त्यांनीच हे सांगितलं. शेवटच्या भागात त्यांनी डोळे उघडले आणि मग तसेच ठेवले.

संपल्यावर टाळ्या भरपूर वाजल्या. भजनी मंडळातले एक आजोबा उठून माझ्यापाशी आले, व्हायोलिनच्या तातीला हलकेच बोट लावून बघितलं आणि विचारलं, "पोरी, ही खरंच मेंढराची हाय?" मी हो म्हटलं. "आवाज मातर गोड हाय," म्हणाले आणि पुढं गेले.

हार्पसिकॉर्ड दुरुस्त व्हायला पुढचं सगळं वर्ष लागलं. लाकूड बदलावं लागलं, खुंट्या नव्यानं बसवाव्या लागल्या. सरांनी ते शांतपणे केलं. तोवरचे दोन कार्यक्रम आम्ही पुण्यात एका उसन्या छोट्या ऑर्गनवर केले.

दरम्यान पप्पांनी एक नवं वेड घेतलं. त्या दिवशी सरांच्या पुढ्यातल्या पानावर त्यांनी बघितलं होतं, की खालच्या सुरांच्या ओळीत फक्त एकेक स्वर लिहिलेला आणि त्याखाली आकडे. सहा, सात, चार-तीन. त्या आकड्यांवरून वरचा मेळ वाजवणाऱ्यानं जागच्या जागी बांधायचा असतो. गणिताच्या मास्तरांना आणखी काय हवं? त्यांनी सरांना फोन केला, "सर, हे आकड्यांचं मला शिकवाल का?" सर म्हणाले, "काका, तुम्ही मला लाजवताय." तरी शिकवलं, फोनवरच, दर गुरुवारी जेवणं झाल्यावर. पप्पा चष्मा लावून पायपेटीपाशी बसत, फोन पेटीवर ठेवलेला, आणि चुकलं की सरांच्याही आधी स्वतःच "नाही नाही" म्हणत.

एका रविवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. घरच्या पायपेटीवर संथ भागाचं पान लावलेलं होतं. "चल," म्हणाले.

मी व्हायोलिन काढलं. पायपेटी अर्थातच वरच्या सुरात. मी खुंटी पिळायला लागले, तात पेटीच्या सुराला आणायला.

"राहू दे," पप्पा म्हणाले. "ताण पडेल तिला. मीच येतो खाली."

कॉन्चेर्तो डी मायनरचा असला तरी हा भाग एफ मेजरमध्ये लिहिलेला, त्यांनी तो अर्धा स्वर खाली, ई मेजरमध्ये वाजवला. बोटं अडखळत होती, चार शार्प सांभाळताना मध्येच काळ्या पट्टीवरून घसरत होती. दुसरं व्हायोलिन कुणी वाजवत नव्हतं, त्याच्या जागा आल्या की पप्पा त्या ओळी हळूच गुणगुणत. आम्ही तो भाग शेवटपर्यंत नेला. मग त्यांनी पाय थांबवले, पेटीतली उरलेली हवा सोडली आणि म्हणाले, "दुसऱ्या पानावर तू घाई करतेस. लहानपणापासून करतेस."

"पुन्हा घेऊ या?"

"चहा टाक आधी."

मी चहा टाकला. ते तोवर पेन्सिलनं पानावर काही खुणा करत बसले. खिडकीतून समोरच्या मैदानावरच्या क्रिकेटचा आरडाओरडा येत होता. चहा झाल्यावर आम्ही दुसरं पान तीन वेळा घेतलं. तिसऱ्यांदा त्यांनी काही म्हटलं नाही, म्हणजे बरं झालं असावं.